कच्च्या खर्ड्याचे वाचक

दर वर्षी उन्हाळ्याची सुट्टी जवळ आली, की विद्यापीठांच्या आवारात भरणाऱ्या किशोरवयीन मुलामुलींच्या सर्जनशील लेखन शिबिरांविषयी तोच वाद नव्याने सुरू होतो आणि दर वर्षी तो तितक्याच वाईट रीतीने घातला जातो. एका बाजूचे लोक म्हणतात, की लेखन ही शिकवण्याची गोष्टच नव्हे. ज्याच्यात ते आहे तो लिहीलच, ज्याच्यात नाही त्याला दोन आठवडे वसतिगृहात ठेवून काय साधणार? दुसऱ्या बाजूचे लोक शिबिराचे समर्थन अशा शब्दांत करतात, की त्यात लेखनाचा मागमूसही उरत नाही. आत्मविश्वास वाढतो, संवादकौशल्य सुधारते, पुढच्या प्रवेशअर्जात एक ठसठशीत ओळ घालता येते, असे फायदे ते सांगतात. पहिल्यांना शिबिर निरुपयोगी वाटते, कारण त्यातून लेखक बाहेर पडत नाहीत. दुसऱ्यांना ते उपयोगी वाटते, कारण त्यातून लेखनाखेरीज बाकी सर्व काही मिळते. शिबिराच्या खोलीत मुले प्रत्यक्षात काय करतात, याकडे दोघांपैकी कुणीच पाहत नाही.

माझी भूमिका सुरुवातीलाच सांगून टाकणे बरे. अशी शिबिरे हवीत, ती विद्यापीठाच्या आवारातच हवीत, परंतु लेखक घडवणे हे त्यांचे उद्दिष्ट असू नये. चौदा ते अठरा या वयात लिहिणाऱ्या मुलाला जी एक गोष्ट जवळजवळ कुठेच मिळत नाही, ती म्हणजे त्याच्या अपुऱ्या, चुकतमाकत लिहिलेल्या मजकुराकडे गांभीर्याने पाहणारा वाचक. शाळेत त्याचा निबंध वाचला जातो तो गुण देण्यासाठी, घरी वाचला जातो तो कौतुकाने किंवा काळजीने, आणि मित्र वाचतात ते मैत्रीखातर. या तिन्ही ठिकाणी वाचणाऱ्याचे लक्ष मुलावर असते, मजकुरावर नसते. शिबिर नीट चालवले, तर पहिल्यांदाच असे घडते, की बारा-पंधरा अनोळखी समवयस्क त्याचे पान हातात घेतात आणि ही गोष्ट इथेच का संपली, हा माणूस मध्येच गप्प का झाला, असे विचारतात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे तो स्वतः इतरांची पाने तशीच वाचायला शिकतो. हे दुहेरी वाचन हा शिबिराचा गाभा आहे. त्याला जे पोषक असेल ते शिबिरात राहावे. आणि क्रमांक, बक्षिसे, श्रेणी लिहिलेली प्रमाणपत्रे, समारोपासाठी घाईघाईने छापलेला संग्रह, असे जे त्याला मारक आहे ते काढून टाकावे, असा माझा आग्रह आहे.

लेखन शिकवता येत नाही, हा आक्षेप सर्वांत जुना आहे आणि त्यातला खरा भाग आधी मान्य केला पाहिजे. पाहण्याची नजर, शब्दांची उपजत ओढ, एखाद्या विषयाने वर्षानुवर्षे झपाटलेले असणे, या गोष्टी कोणत्याही वेळापत्रकात बसवता येत नाहीत. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाची लेखन कार्यशाळा १९३६ साली सुरू झाली आणि नंतरच्या असंख्य अभ्यासक्रमांचा ती नमुना ठरली. परंतु लेखन शिकवता येत नाही हे लोकमत आपल्यालाही अंशतः मान्य आहे, अशीच त्या कार्यशाळेची जाहीर भूमिका आहे. असलेल्या गुणाचा विकास करता येतो, एवढ्याच गृहीतकावर ती चालते. मग प्रश्न असा, की हा निकष आपण एकट्या लेखनालाच का लावतो? मिशिगन राज्यातील इंटरलॉकन येथे १९२८ साली शाळकरी वादकांसाठी उन्हाळी वाद्यवृंद शिबिर सुरू झाले आणि कलाशिबिराच्या रूपाने ते आजही चालू आहे. तेथे जाणारे प्रत्येक मूल थोर वादक होईल, असे ना शिक्षक समजतात ना पालक. गायनाच्या तालमीला बसलेल्या दहा मुलांपैकी एकही गायक झाला नाही, तरी तालीम वाया गेली असे कुणी म्हणत नाही, कारण त्या दहाही जणांचे कान तयार झालेले असतात. लेखनाच्या बाबतीत मात्र आपण कान तयार होण्याला काहीच किंमत देत नाही आणि थेट मैफलीचा हिशेब मागतो.

शिकवणीची ही कल्पना ज्यांना परकी वाटते, त्यांनी संस्कृत काव्यशास्त्राकडे पाहावे. अकराव्या शतकातील काश्मिरी पंडित मम्मट याने काव्याची कारणे सांगताना प्रतिभेला पहिले स्थान दिले, पण तो तेथे थांबला नाही. लोकव्यवहार, शास्त्रे आणि पूर्वीची काव्ये यांच्या अवलोकनातून येणारी निपुणता, आणि काव्य जाणणाऱ्याच्या शिकवणीखाली केलेला अभ्यास, या दोहोंची त्याने प्रतिभेला जोड दिली. आणि या तीन गोष्टी सुट्या सुट्या नव्हे, तर एकत्र आल्या तरच काव्याचे कारण होतात, हेही त्याने स्वतःच स्पष्ट केले. त्याच्याही आधीचा कवी आणि काव्यशास्त्रकार राजशेखर याने तर ‘काव्यमीमांसा’ या ग्रंथात कवीच्या दिवसाचे वेळापत्रकच मांडले आहे. पहिल्या प्रहरात विद्यांचे अध्ययन, दुसऱ्यात रचना, भोजनानंतर काव्यगोष्टी, आणि चौथ्या प्रहरात सकाळी रचलेल्या काव्याची एकट्याने किंवा मोजक्या मंडळींसह परीक्षा, असा तो क्रम आहे. रचना करताना कवी रसाच्या आवेशात असतो, त्या वेळी त्याच्याजवळ पारख करणारी दृष्टी नसते, म्हणून परीक्षा नंतर करायची, असे कारणही तो देतो. सकाळी वाचन आणि लेखन, दुपारी चर्चा, संध्याकाळी मोजक्या लोकांत त्याच मजकुराची तपासणी. आजच्या एखाद्या चांगल्या शिबिराचा दिवस याहून फार वेगळा असतो का? अर्थात, संस्कार आत्म्याशी जोडलेला असतो आणि तो स्त्री-पुरुष असा भेद पाहत नाही, असे राजशेखराने म्हटले असले, तरी दिवसाचे चारही प्रहर काव्याला देण्याची मुभा त्या काळी फार थोड्यांना होती. तीच अडचण आजच्या शिबिरांपुढेही आहे, आणि तिच्याकडे पुढे यायचेच आहे.

अपुऱ्या मजकुराला वाचक हवा, एवढे मान्य झाले तरी तो वाचक कोण असावा, हा प्रश्न उरतोच. बहुतेक आयोजकांना वाटते, की एखाद्या नामवंत लेखकाला बोलावले की काम झाले. या समजुतीला शार्लट, एमिली आणि अ‍ॅन या पुढे इंग्रजी कादंबरीकार म्हणून गाजलेल्या बहिणी आणि त्यांचा भाऊ ब्रॅनवेल, अशा ब्राँटी भावंडांचे उदाहरण चांगले उत्तर देते. यॉर्कशायरमधील हॉवर्थ गावी ही चार भावंडे १८२९च्या सुमारास काडेपेटीएवढ्या आकाराची हस्तलिखित पुस्तके तयार करत होती. त्यांत काल्पनिक देश होते, तेथील युद्धे होती, वर्तमानपत्रे होती; आणि या सर्व मजकुराचे वाचक ती भावंडेच होती. पुढे १८३६च्या डिसेंबरात, वयाच्या विसाव्या वर्षी, शार्लटने आपल्या कविता राजकवी रॉबर्ट साउदी याच्याकडे अभिप्रायासाठी पाठवल्या. मार्च १८३७मध्ये त्याचे उत्तर आले. तिच्याजवळ पद्यरचनेचा गुण आहे हे त्याने मान्य केले, आणि साहित्य हा स्त्रीच्या आयुष्याचा व्यवसाय होऊ शकत नाही, असेही बजावले. त्या काळच्या इंग्लंडमधला सर्वांत अधिकारी म्हणावा असा वाचक हेच सांगू शकला. १८४६ साली तिघी बहिणींनी टोपणनावांनी काढलेल्या कवितासंग्रहाच्या दोनच प्रती खपल्या, म्हणजे बाजारानेही त्याहून बरे उत्तर दिले नाही. त्या काळात रोज रात्री जेवणाच्या खोलीत टेबलाभोवती फेऱ्या मारत एकमेकींचे लेखन ऐकणाऱ्या आणि त्यावर वाद घालणाऱ्या बहिणी मात्र कायम होत्या, आणि १८४७ साली तिघींच्याही कादंबऱ्या प्रसिद्ध झाल्या. अधिकारी वाचकाने मत दिले आणि तो बाजूला झाला; बरोबरीचे वाचक पुढचा खर्डा ऐकायला पुन्हा हजर राहिले. शिबिरातील पाहुण्या लेखकाचे व्याख्यान जरूर असावे, पण त्यासाठी तासभर पुरे. उरलेला दिवस मुलांनी एकमेकांची पाने वाचण्यात गेला पाहिजे.

येथे बक्षिसांचे समर्थक १९०७ सालच्या जळगावच्या कविसंमेलनाची आठवण करून देतील, आणि ती दिलीच पाहिजे. त्या संमेलनात त्र्यंबक बापूजी ठोंबरे या सोळा-सतरा वर्षांच्या मुलाने कविता म्हटली, अध्यक्ष डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर यांनी त्याला ‘बालकवी’ ही पदवी दिली, आणि मराठी कवितेला एक अलौकिक कवी मिळाला. जाहीर कौतुकाने त्या वयात बळ मिळते, हे नाकारणे खोटेपणाचे ठरेल. पण संमेलन आणि शिबिर यांची प्रयोजने निराळी आहेत. संमेलनात कवी पूर्ण झालेली कविता घेऊन येतो आणि श्रोते तिला दाद देतात; शिबिरात मूल जे घेऊन येते ते अजून कविता झालेलेच नसते. जेथे क्रमांक लागणार असतो, तेथे कोणता मुलगा आपली खरोखर अडलेली, फसलेली गोष्ट पुढे करील? तो घरून घासूनपुसून आणलेलीच गोष्ट वाचून दाखवणार. आणि शेजारी बसलेल्या मुलीची कविता सुधारावी म्हणून तो मनापासून सूचना का करील, जर ती सुधारली तर त्याचाच क्रमांक खाली जाणार असेल? किशोरवयीनांसाठी लेखनाच्या स्पर्धा भरपूर आहेत. अमेरिकेत शाळकरी मुलांच्या कला आणि लेखनाची स्कॉलॅस्टिक पारितोषिके १९२३ सालापासून दिली जात आहेत. स्पर्धांची जागा स्पर्धांनी सांभाळावी. शिबिराने तेच काम दुय्यम दर्जाने पुन्हा करण्यात काही अर्थ नाही.

या वयाच्या मुलांजवळ लिहिण्यासारखे असते तरी काय, हा आक्षेप मला सर्वांत कमी वजनाचा वाटतो, म्हणून त्यावर फार शब्द खर्च करत नाही. १८१६च्या उन्हाळ्यात जिनिव्हा सरोवराकाठी पावसामुळे घरात अडकलेल्या मंडळींनी आधी भुताखेतांच्या गोष्टी वाचल्या आणि मग प्रत्येकाने एक गोष्ट लिहावी असे त्यांच्यातल्या कवी बायरनने सुचवले, हा प्रसंग सर्वश्रुत आहे. त्यातून ‘फ्रँकेन्स्टाइन’ ही जी कादंबरी जन्मली, तिची लेखिका मेरी शेली त्या वेळी अठरा वर्षांची होती. ही कथा प्रतिभेचा चमत्कार म्हणून सांगितली जाते. परंतु मेरीने स्वतः पुढे १८३१च्या प्रस्तावनेत लिहिले आहे, की गोष्ट सुचली का, असे तिला रोज सकाळी विचारले जाई आणि रोज तिला खजील होऊन नकार द्यावा लागे. सामूहिक वाचन, एक नेमून दिलेले काम, रोज चौकशी करणारे सोबती, आणि तरीही काही न सुचण्याचे दिवस; तिचा अनुभव अपुरा होता की नाही, यापेक्षा तिच्याभोवती ही रचना होती, ही गोष्ट मला अधिक बोलकी वाटते.

शिबिरातून बाहेर पडणारी मुले एकसारखी लिहू लागतात, ही टीका मात्र गंभीर आहे आणि ती बऱ्याच अंशी खरी आहे. वर्तमानकाळातले पहिले वाक्य, इंद्रियांना जाणवणारे तीन तपशील, शेवटी एक सूचक मौन, अशी गोष्टींची एक ठरीव चाल तयार होते आणि तीच चांगल्या लेखनाची खूण मानली जाते. असे का होते? माझ्या मते याचे कारण शिकवण्यात नसून उसन्या पद्धतीत आहे. आयोवातील प्रचलित पद्धत अशी, की लेखकाने गप्प बसायचे आणि बाकीच्यांनी त्याच्यासमोर त्याच्या मजकुराची चिरफाड करायची. ती पद्धत प्रौढांसाठी होती. दुसऱ्या महायुद्धानंतर तेथे आलेल्यांत रणांगणावरून परतलेले, सरकारी शिक्षणसवलतीवर शिकणारे सैनिक पुष्कळ होते. बारा जणांचे कठोर बोलणे मूकपणे ऐकून घेण्याइतकी त्यांची कातडी जाड होती. हीच रीत जशीच्या तशी पंधरा वर्षांच्या मुलीवर लादली, तर ती काय करील? पुढच्या वेळी जे कुणालाच खटकणार नाही तेच ती लिहील. एकसारखेपणा जन्मतो तो या भीतीतून.

याला पर्याय उपलब्ध आहे, आणि तो लेखनाच्या नव्हे, नृत्याच्या क्षेत्रातून आलेला आहे. नृत्यदिग्दर्शिका लिझ लर्मन यांनी १९९० साली अभिप्राय देण्याची एक रीत आखली. तिच्यात ऐकणारे आधी आपल्याला काय भिडले, काय लक्षात राहिले ते सांगतात. मग कलाकार स्वतः आपल्याला पडलेले प्रश्न विचारतो. त्यानंतर प्रतिसाद देणारे, ज्यांत मत दडलेले नाही असे प्रश्न विचारतात. आणि मत शेवटी, तेही कलाकाराने परवानगी दिली तरच मांडले जाते. या क्रमात बोलण्याची सूत्रे लिहिणाऱ्याच्या हातात राहतात. त्याला आपल्या खर्ड्याविषयी प्रश्न विचारता यावा, यासाठी आधी त्याला स्वतःचा खर्डा वाचकाच्या नजरेने वाचावा लागतो, आणि ही नजर शिबिरातून घरी नेण्यासारखी सर्वांत टिकाऊ वस्तू आहे. मार्गदर्शकाचे काम तेथे अधिक अवघड होते, सोपे होत नाही. मुलांना ‘छान आहे’ म्हणून सुटका करून घ्यायची असते. त्यांना पुन्हा पुन्हा ओळीकडे वळवावे लागते, कोणत्या शब्दापाशी तुझे लक्ष सुटले, कोणत्या पात्राचे तोंड तुला दिसले नाही, असे विचारत राहावे लागते. हे काम करणारा माणूस नामवंत नसला तरी चालेल, पण त्याने स्वतः पुष्कळ खाडाखोड केलेली असली पाहिजे.

आजच्या मुलांना वाचक मिळत नाहीत, हे विधान जुनाट आहे, असे कुणी म्हणेल. वॉटपॅडसारखी महाजालावरची माध्यमे २००६पासून आहेत. तेथे पंधरा वर्षांची मुले दीर्घ कादंबऱ्या प्रकरणाप्रकरणाने लिहितात आणि त्यांना दूरदेशीचे वाचक मिळतात. हा मुद्दा मी मनापासून मान्य करतो. इतक्या सातत्याने लिहिणाऱ्या मुलांकडे तुच्छतेने पाहणारे प्राध्यापक मला नेहमीच अन्यायी वाटत आले आहेत, कारण रोज नेमाने लिहिण्याची सवय ही काही थोडी कमाई नव्हे. परंतु तेथला वाचक पुढचे प्रकरण मागतो. लिहून झालेल्या प्रकरणाकडे परत चल, असे तो सहसा म्हणत नाही. पुनर्लेखनाला तेथे वावच नसतो, कारण गोष्ट पुढे सरकली नाही की वाचक पांगतो. आता त्यात यंत्राची भर पडली आहे. काही क्षणांत निर्दोष व्याकरणाची कथा जुळवून देणारे साधन हाताशी असताना मुलांनी दोन आठवडे चार पानांशी झटापट का करावी, असा प्रश्न पालक विचारू लागले आहेत. शिबिराचे फळ म्हणजे तयार कथा, असे मानले तर या प्रश्नाला उत्तर नाही. पण फळ जर वाचनाची दृष्टी हे असेल, तर यंत्राने लिहून दिलेल्या पानावर मुलाला ‘तू इथे हा शब्द का वापरलास?’ असे विचारून पाहावे. निवड त्याने केलेलीच नसते, तर तो कशाचे समर्थन करणार आणि कशाचा पश्चात्ताप? पहिला खर्डा हाताने, कागदावर लिहून घेण्याचा आग्रह मी याचसाठी धरीन. खोडलेला शब्द दिसत राहिला, तर त्याविषयी बोलता येते.

सर्वांत नाजूक प्रश्नाकडे वादातले दोन्ही पक्ष पाठ फिरवतात. या वयाची मुले लिहायला बसली, की त्यांच्या लेखनात घरातली मारहाण येते, स्वतःला इजा करण्याचे विचार येतात, कुणालाही न सांगितलेले प्रसंग येतात. अनेक मार्गदर्शक उत्साहाच्या भरात पहिल्याच दिवशी सांगतात, की तुम्ही जे लिहाल ते या खोलीबाहेर जाणार नाही. हे वचन देण्याचा त्यांना अधिकारच नाही. मुलाच्या जिवाला धोका आहे असे दिसले, तर ते जबाबदार व्यक्तीला कळवणे हे प्रत्येक प्रौढाचे नैतिक कर्तव्य आहे आणि कित्येक देशांत ते शिक्षकांवर कायद्यानेही बंधनकारक आहे. म्हणून कोणत्या गोष्टी गुप्त राहतील आणि कोणत्या राहू शकणार नाहीत, हे मुलांना लेखणी उचलण्यापूर्वी सांगितले पाहिजे. लिहिल्याने मन मोकळे होते, या समजुतीला आधार आहे. जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात ४६ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांनी सलग चार दिवस रोज १५ मिनिटे लिहिले. क्लेशकारक अनुभवाविषयी घटना आणि भावना दोन्ही लिहिणाऱ्यांना लिहिल्यावर लगेच अधिक अस्वस्थ वाटले, पण पुढील काही महिन्यांत त्यांचे आरोग्यकेंद्रात जाणे कमी झाले. या प्रयोगाचा दाखला देणारे एक गोष्ट विसरतात. ते लेखन गोपनीय होते. ते कुणी वर्तुळात बसून मोठ्याने वाचले नव्हते, आणि त्यातील उपमा कशी आहे यावर कुणी मत दिले नव्हते. स्वतःसाठी लिहिणे आणि वाचकासाठी लिहिणे या दोन निराळ्या कृती आहेत. शिबिराने मुलांना दोन वह्या द्याव्यात आणि त्यांतली एक कुणीही कधीही वाचायला मागणार नाही, असा नियम करावा. दुसऱ्या वहीत काय आणायचे, ते मूल ठरवील. मोठ्याने वाचण्याची सक्ती कधीही होता कामा नये, आणि छापील संग्रहाला माझा विरोध आहे तोही याच कारणासाठी. पंधराव्या वर्षी भावनेच्या भरात लिहिलेली घरची गोष्ट नावानिशी महाजालावर गेली, की ती मुलाला परत घेता येत नाही; त्या वयात त्याला याची कल्पना नसते, आयोजकांना मात्र असली पाहिजे.

आता राहिला तो आक्षेप, जो मला खरोखर अस्वस्थ करतो. विद्यापीठांच्या आवारातील निवासी शिबिरे बहुतांशी ऐपतदारांच्या मुलांसाठी असतात. शुल्क भारी असते, प्रवासखर्च वेगळा असतो, आणि सुट्टीत ज्या मुलाला घरकामात हातभार लावावा लागतो किंवा चार पैसे कमवावे लागतात, त्याला शुल्क माफ केले तरी दोन आठवडे मोकळे करता येत नाहीत. शिवाय विद्यापीठाचे नाव अर्जावर मिरवता यावे, एवढ्याचसाठी कित्येक पालक मुलांना पाठवतात. हे सर्व खरे आहे. पण यातून शिबिरे बंद करावीत, असा निष्कर्ष निघतो का? शिबिर बंद झाले, तर श्रीमंत घरातल्या मुलाला खासगी शिकवणी मिळेल, पुस्तके मिळतील, लिहिणारे नातेवाईक मिळतील. ज्याच्या घरात पुस्तक नाही त्याचे मात्र एक दार कायमचे मिटेल. अन्याय आहे तो प्रवेशाच्या रीतीत, आणि रीत बदलता येते. घरून लिहून आणलेल्या सफाईदार नमुन्यावर निवड करणे, म्हणजे ज्यांना आधीच मदत मिळाली आहे त्यांचीच निवड करणे होय. त्याऐवजी अर्जदाराला एक पान वाचायला द्यावे आणि त्याला काय दिसले, ते साध्या शब्दांत लिहायला सांगावे. शिबिर वाचक घडवण्यासाठी असेल, तर निवडही वाचनावरच व्हायला हवी. त्यात महागड्या शाळेतला मुलगा पुढे राहीलच, असे नाही. ज्यांना मुक्काम करता येत नाही त्यांना अर्धा दिवस येता यावे, आणि जागांचा एक मोठा भाग आवाराच्या आसपासच्या, एरवी विद्यापीठाच्या फाटकातून आत न येणाऱ्या वस्त्यांतील मुलांसाठी ठेवावा.

मग हे सर्व शाळेतच का करू नये, असा प्रश्न उरतो. कारण शाळेत प्रत्येक मुलाची एक प्रतिमा आधीच ठरून गेलेली असते: हुशार, मठ्ठ, विनोदी, गप्प. ती बाजूला ठेवून त्याची कविता वाचणे वर्गमित्रांना जवळजवळ अशक्य असते, आणि शिक्षक तर परीक्षकही असतो. ब्रिटनमध्ये १९६८ साली जॉन मोट आणि जॉन फेअरफॅक्स या दोन कवींनी डेव्हन परगण्यात आरव्हन संस्थेचे काम सुरू केले, तेव्हा पहिल्या शिबिरासाठी त्यांनी शाळकरी मुलांनाच शाळेबाहेर, एका निवासी जागी नेले. दोन लेखक, सोळाच्या आसपास शिबिरार्थी, पाच दिवस एकत्र राहणे आणि स्वयंपाकही मिळून करणे, हा त्या संस्थेचा साचा पुढे अनेकांनी उचलला. विद्यापीठ यात एक मोलाची भर घालू शकते, ती म्हणजे ग्रंथालय. सुट्टीत ओस पडलेल्या फडताळांमधून मुलांना मोकळे फिरू द्यावे. आपण ज्या अडचणीत सापडलो आहोत तीच अडचण दुसऱ्या कुणी दोनशे वर्षांपूर्वी कशी सोडवली, हे शोधून आणायला सांगावे. मम्मटाची निपुणता येते ती येथून. आणि वयाने चार-पाच वर्षांनीच मोठे असलेले, अजून स्वतःच धडपडणारे पदव्युत्तर विद्यार्थी मार्गदर्शक म्हणून विद्यापीठातच मिळतात. लेखन ही सिद्ध झालेल्या माणसांची मिरासदारी नाही, हे मुलांना त्यांच्याकडे पाहून आपोआप कळते.

प्रशासनाची एक अडचण मला ठाऊक आहे. प्रमाणपत्र नाही, क्रमांक नाहीत, छापील संग्रह नाही, तर पालक मुलांना पाठवणार नाहीत आणि विद्यापीठ निधी देणार नाही, असे ते म्हणतील. काही पालक पाठवणार नाहीत, हे खरेच आहे. त्या जागा ज्यांना दार बंद होते त्यांच्यासाठी मोकळ्या होतील. प्रत्येक मुलाला प्रमाणपत्राऐवजी मार्गदर्शकाने एक पत्र लिहावे. त्यात श्रेणी नसावी, शिफारस नसावी. पहिल्या खर्ड्यापासून शेवटच्या खर्ड्यापर्यंत त्याच्या मजकुरात काय बदलले आणि इतरांच्या मजकुरात त्याला काय दिसू लागले, ते असावे. सोबत सोबत्यांच्या शेऱ्यांनी भरलेली त्याची पाने परत द्यावीत. असे पत्र कोणत्याही प्रवेशअर्जाला जोडता येणार नाही, आणि ते मुद्दामच तसे लिहावे. निधी देणाऱ्यांना आकडा हवाच असेल, तर शिबिर संपल्यानंतर वर्षभराने मुलांना एकच प्रश्न विचारावा: त्या खोलीत भेटलेल्या कुणाला तुम्ही अजून आपला कच्चा खर्डा पाठवता का, आणि कुणी तुम्हाला पाठवते का? जितकी मुले होय म्हणतील, तो आकडा अहवालाच्या पहिल्या पानावर छापावा आणि पुढच्या वर्षीचा निधी त्यावरच मागावा.